भूजलावर नजर, कमी खर्चात: अणुकचऱ्याच्या जागेवरून गावच्या विहिरीपर्यंत

विदर्भात अणुवीज केंद्र नाही. महाराष्ट्रात आहे ते तारापूरला, समुद्राकाठी, १९६९ पासून. तरी गावच्या विहिरींवर लक्ष कसं ठेवायचं हे मी सगळ्यात जास्त शिकले ते अमेरिकेतल्या एका अण्वस्त्र कारखान्याच्या आवारातल्या विहिरींच्या अभ्यासातून. जमिनीत मुरलेली घाण डोळ्यांना दिसत नाही, फार हळू सरकते आणि तिच्यावर नातवंडांच्या काळापर्यंत नजर ठेवावी लागते. एवढी वर्षं त्या कामाला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न तिथल्या लोकांना फार आधी पडला. त्यांनी काढलेली वाट आपल्याकडच्या राखेच्या बंधाऱ्याला, खाणीतून उपसलेल्या पाण्याला, कारखान्यामागच्या नाल्यालाही चालते.

माझं शिक्षण भूशास्त्रातलं, राहणं खेड्यात. आमच्या शिवारापासून पांदणीने गेलं की औष्णिक केंद्राच्या राखेचा बंधारा लागतो. बंधाऱ्याच्या अलीकडच्या विहिरींचं पाणी आम्ही काही जणी मोजतो. त्यात शाळेतल्या बाई आहेत, बचत गटातल्या दोघी आहेत आणि ‘जल जीवन मिशन’च्या तपासणी पेटीचं प्रशिक्षण घेतलेल्या बायाही आहेत. हे लिहिते आहे ते अशाच लोकांसाठी, ज्यांच्याकडे वेळ आणि माणसं आहेत पण पैसा नाही.

आधी त्या अमेरिकेतल्या जागेची गोष्ट सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे.

दक्षिण कॅरोलिना राज्यात सव्हाना रिव्हर साइट नावाचं सुमारे आठशे चौरस किलोमीटरचं सरकारी आवार आहे. १९५० च्या दशकापासून तिथे अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम आणि ट्रिटियम (म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन) तयार होत होतं. आवारातल्या ‘एफ एरिया’ भागात जमिनीत तीन मोठे तलाव खोदले होते. तळाला अस्तर नव्हतं. सांडपाणी त्यात सोडायचं आणि मुरू द्यायचं, अशीच ती योजना. १९५५ ते १९८८ या काळात तिथे सातशे कोटी लिटरच्या आसपास आम्लयुक्त, कमी तीव्रतेचं किरणोत्सारी पाणी मुरलं. १९९१ मध्ये तलाव बुजवून वर झाकण घातलं, पण खालच्या पाण्यात युरेनियम, स्ट्रॉन्शियम-९०, आयोडीन-१२९, टेक्निशियम-९९, ट्रिटियम आणि नायट्रेट उतरलं होतं आणि ते फोरमाइल ब्रँच नावाच्या ओढ्याकडे सरकत होतं. ट्रिटियम साधारण १२.३ वर्षांत निम्मं होतं, स्ट्रॉन्शियम-९० जवळपास २९ वर्षांत. आयोडीन-१२९ निम्मं व्हायला दीड कोटीहून अधिक वर्षं लागतात. त्याची वाट कोण बघणार?

सुरुवातीला ते पाणी उपसून शुद्ध करून पाहिलं. तो मार्ग फार महाग होता. मग २००४ पासून जमिनीत अडसर उभे केले आणि मोकळ्या ठेवलेल्या वाटांमध्ये अल्कधर्मी द्रावण सोडायला सुरुवात केली. पाण्याचा आम्लपणा कमी झाला की युरेनियम मातीच्या कणांना चिकटून बसतं. म्हणजे घाण तिथेच राहिली, फक्त खिळवून ठेवली. ती खिळलेलीच आहे ना, हे बघत राहण्याचं काम उरलं आणि ते काम संपणारं नाही.

या बघण्यात पैसा जातो कुठे? माणूस प्रत्येक विहिरीवर जातो, साठलेलं पाणी उपसून टाकतो आणि ताजं पाणी आलं की नमुना घेतो. उपसलेलं पाणी दूषित असल्याने तेही कचरा म्हणून सांभाळावं लागतं. मग हातमोजे, बाटल्या, कागदपत्रं आणि शेवटी किरणोत्सार मोजणारी प्रयोगशाळा. एवढं करून हाती येतं ते त्या विहिरीचं त्या एका दिवसाचं पाणी. मधल्या महिन्यांत काय झालं ते कळत नाही.

तेव्हा अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेत असलेल्या शास्त्रज्ञ हारुको वेनराइट आणि सव्हाना रिव्हरच्या प्रयोगशाळेतले त्यांचे सहकारी यांनी जुन्या नोंदी लावून पाहिल्या. २०१८ मध्ये त्यांचा निबंध आला. त्यात दिसलं की त्या जागी ट्रिटियम पाण्याच्या विद्युतवाहकतेबरोबर, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते त्या मापाबरोबर, वर-खाली होतं आणि युरेनियम सामूच्या, म्हणजे पीएचच्या, उलट: आम्लपणा वाढला की पीएच उतरतो आणि युरेनियम चढतं. यामागे कारण आहे, हा योगायोग नाही. सांडपाण्यात नायट्रिक आम्ल होतं. त्यातल्या नायट्रेटने विद्युतवाहकता वाढते, आणि नायट्रेट व ट्रिटियम दोन्ही पाण्याच्याच वेगाने चालतात. आम्लामुळे युरेनियम विरघळलेलं राहतं. विद्युतवाहकता आणि पीएच तर विहिरीत सोडलेली साधी संवेदकं रात्रंदिवस मोजू शकतात. त्यावरून दूषिताचा अंदाज बांधायचा आणि मधूनमधून प्रयोगशाळेच्या आकड्याने तो दुरुस्त करायचा. या दुरुस्तीसाठी त्यांनी काल्मन फिल्टर नावाची गणिती पद्धत वापरली. कालचा अंदाज आणि आजचं माप यांपैकी कशावर किती भरवसा ठेवायचा, ते ती ठरवते.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. पीएच खाली घसरायला लागला तर मातीला चिकटलेलं युरेनियम उद्या सुटणार, हे आजच कळतं. युरेनियम वाढलेलं प्रयोगशाळेत दिसेपर्यंत थांबावं लागत नाही. स्वस्त माप इथे नुसतं स्वस्त नाही, ते लवकरचंही आहे.

तेव्हा तपासणीच कमी करायची असा खर्च कमी करण्याचा अर्थ कुणी घेऊ नये. स्वस्त मापं दाट घ्यायची आणि महाग तपासणी नेमक्या जागी, नेमक्या वेळी करायची. आता आपल्या शिवारात ते कसं करायचं बघू.

पाणी कुठून कुठे जातं ते आधी काढा

हे न करता घेतलेले नमुने बहुतेक वाया जातात. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाच्या विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं तपासून ‘सगळं ठीक’ म्हणणारे अहवाल मी पाहिले आहेत. घाण त्या बाजूला जाणारच नव्हती.

तीन विहिरी घ्या. त्या एका रेषेत नकोत, त्रिकोणात हव्यात. प्रत्येकीच्या काठावर ऑइलपेंटने एक खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली मोजा. टेपच्या खालच्या टोकाला खडू फासला की कुठपर्यंत भिजलं ते स्पष्ट दिसतं. मोजायचं ते मोटर बंद असताना. शेतीची लाइन रात्रपाळीची असेल तर मोटर रात्रभर चाललेली असते आणि सकाळी विहीर खाली गेलेली दिसते, म्हणून शेतकऱ्याला विचारूनच दिवस ठरवा.

आता तिन्ही खुणांची एकमेकींच्या तुलनेत उंची हवी. जलसंधारणाच्या कामावरचा कुणी अभियंता ओळखीचा असेल तर त्याचं लेव्हलचं यंत्र अर्ध्या दिवसासाठी मागा. नाहीच मिळालं तर गवंडी पायाची पातळी धरायला वापरतात ती पारदर्शक नळी चालते. नळीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, आणि खुंटी ठोकत धुऱ्याधुऱ्याने पुढे सरका. एकीने मागच्या खुंटीवर नळीतलं पाणी धरायचं, दुसरीने पुढच्या खुंटीवर खूण करायची, तिसरीने वहीत फरक लिहायचा. शेवटच्या विहिरीवरून तशाच मापत परत पहिलीवर या. परतल्यावर उंची चार-पाच सेंटीमीटरच्या आत जुळली तर काम पक्कं समजा, नाहीतर पुन्हा करा. आपल्याकडच्या उंचसखल भागात विहिरींच्या पाण्यात मीटरभराचा फरक सहज असतो, म्हणून एवढी चूक खपते. पूर्णेच्या सपाट गाळाच्या खोऱ्यात खपणार नाही, तिथे यंत्रच हवं.

उदाहरणाला आकडे घेते. पहिल्या विहिरीच्या खुणेला १०० मीटर मानलं. पाणी ६.४० मीटरवर, म्हणजे पाण्याची पातळी ९३.६०. दुसरीची खूण ९९.२०, पाणी ७.१० वर, पातळी ९२.१०. तिसरीची खूण ९७.८०, पाणी ७.२० वर, पातळी ९०.६०. आलेखाच्या कागदावर तिन्ही विहिरी अंतराच्या प्रमाणात मांडा. पहिली आणि तिसरी यांना जोडणारी रेघ ओढा. या रेघेवर पातळी तीन मीटरने उतरते, आणि दुसरीची पातळी नेमकी मध्यावरची आहे. दोघींमध्ये ४०० मीटर अंतर असेल तर २०० मीटरवर टिंब द्या. ते टिंब आणि दुसरी विहीर जोडली की समपातळीची रेघ मिळते. तिला काटकोनात, उताराकडे बाण काढा. त्या दिवशी भूजल त्या बाजूला चाललं आहे.

‘त्या दिवशी’ हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या नावाचा मऊ खडक आणि मग काळा पाषाण. पाणी भेगांतून आणि मऊ थरांतून वाट काढतं, कागदावरच्या बाणासारखं सरळ जात नाही. शिवाय हरभरा-गव्हाच्या ओलितात सगळ्या मोटरी एकदम चालल्या की बाण वळू शकतो. म्हणून हे माप दिवाळीनंतर एकदा आणि मार्च-एप्रिलमध्ये एकदा घ्या. दोन्ही बाण एका बाजूला असतील तर निश्चिंतपणे पुढे जा. वेगळे आले तर दोन्ही बाजूंना विहिरी धरा.

कोणतं माप कुणाची खबर देतं

सव्हाना रिव्हरला विद्युतवाहकता ट्रिटियमची खबर देते म्हणून ती आपल्याकडेही सगळ्याची खबर देईल असं मानू नका. हे नातं जागेवर जोडावं लागतं.

कोळशाच्या राखेतून पाण्यात सगळ्यात आधी आणि सगळ्यात लांब जातात ते सल्फेट आणि बोरॉन. आर्सेनिकसारखी मूलद्रव्यं मातीतल्या लोहाला चिकटतात आणि मागून येतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१५ मध्ये राखेच्या तलावांसाठी नियम केला तो हेच धरून. आधी बोरॉन, कॅल्शियम, क्लोराइड, फ्लोराइड, सल्फेट, पीएच आणि एकूण विरघळलेले क्षार एवढंच बघायचं. हे मूळ पातळीपेक्षा खात्रीने वाढलेले दिसले की मगच आर्सेनिक आणि बाकीच्या धातूंची महाग यादी उघडायची. विहिरी किमान चार, वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला तीन. सुरुवातीला मूळ पातळी ठरवायला प्रत्येक विहिरीचे किमान आठ नमुने.

सल्फेट वाढलं की विद्युतवाहकता वाढते. म्हणून आपलं रोजचं हत्यार म्हणजे विद्युतवाहकता मोजणारा पेन, ज्याला सगळे ईसी मीटर म्हणतात (ईसी म्हणजे विद्युतवाहकताच). पीएचवर आपल्याकडे फार विसंबू नका. काळ्या मातीत चुनखडी असते, ती आम्लपणा गिळून टाकते आणि पीएच जागचा हलत नाही. तरी तो लिहून ठेवा.

ईसीचा पेन म्हणजे वावरातला जागली करणारा माणूस. काहीतरी शिरलं अशी हाक तो देतो. रोही आहे की डुक्कर, ते बॅटरी मारल्याशिवाय त्यालाही सांगता येत नाही. ईसी तर युरियाने वाढते, गोठ्याच्या पाण्याने वाढते, उन्हाळ्यात पाणी आटल्यानेही वाढते. म्हणून ईसी वाढली की लगेच तपासणी पेटी उघडा. तीत नायट्रेट आणि क्लोराइड बघता येतं. नायट्रेट वाढलेलं असेल तर खत किंवा गोठ्याकडे बोट जातं. नायट्रेट, क्लोराइड जागेवर आणि ईसी मात्र वर, तर सल्फेटचा संशय घ्या आणि तो नमुना प्रयोगशाळेत न्या. प्रयोगशाळेची बाटली खर्च करायची ती इथे.

दोन ठिकाणी ही युक्ती फसते. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी मुळातच खारं, तिथे ईसी काहीच बोलत नाही. अशा गावांनी थेट बोरॉनवर आणि सल्फेट-क्लोराइडच्या प्रमाणावर लक्ष ठेवावं. आणि यवतमाळ, चंद्रपूरच्या कित्येक गावांत फ्लोराइड खडकातूनच येतं. नुसतं फ्लोराइड दाखवून राखेवर आरोप ठेवला तर पहिल्याच बैठकीत आपलं म्हणणं मोडीत निघेल.

किरणोत्साराबद्दल एक ठाम सांगते. युरेनियम किंवा ट्रिटियम कुठल्याही पेनने मोजता येत नाही. पिण्याच्या पाण्यात युरेनियमची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आहे आणि ते बघायला प्रयोगशाळाच लागते. ‘मीटर लावून रेडिएशन सांगतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

माप कसं घ्यायचं

ईसीचा पेन दर वेळी तपासून घ्या. त्यासाठीचं तयार द्रावण मिळतं, पण तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे सर मदतीला असतील तर घरीही होतं. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ०.७४६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळवलं की २५ अंश तापमानाला ईसी १४१३ मायक्रोसीमेन्स दाखवायला हवी. वजन मात्र कॉलेजच्या काट्यावरच करा. काचेच्या बाटलीत घट्ट बूच लावून ठेवलं तर बरेच आठवडे पुरतं. तापमान एक अंश वाढलं की ईसी साधारण दोन टक्के वाढते, म्हणून तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारा पेन घ्या आणि नमुना सावलीत मोजा. मेच्या उन्हात बादली दहा मिनिटं ठेवली तर आकडा पाण्याचा राहत नाही. पीएच तर जागेवरच घ्यायचा. विहिरीचं पाणी वर आलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच चढतो.

चालू बोअर किंवा मोटरच्या विहिरीवर पाणी सुरू करा आणि दर पाच मिनिटांनी ईसी बघा. सलग तीन आकडे तीन टक्क्यांच्या आत आले की नमुना घ्या. ठरावीक वेळ उपसण्याची गरज नाही. अणुकचऱ्याच्या जागांवरही असाच थोडं पाणी हळू काढून स्थिर आकड्याला नमुना घेण्याचा मार्ग धरतात, कारण तिथे उपसलेला प्रत्येक लिटर सांभाळायला पैसे पडतात.

न वापरलेल्या विहिरीचं मात्र वेगळं. पावसाळ्यानंतर वरचं पाणी पावसाचं, गोडं असतं, आणि जमिनीतून आलेलं खाली. वरून बादली मारली तर पाऊस मोजला जातो. आम्ही अर्ध्या लिटरची काचेची बाटली वापरतो. तिला जाळीत घालून खाली दगड बांधायचा, तोंडाला सैल बूच आणि बुचाला वेगळी दोरी. मुख्य दोरीवर मीटर-मीटरला गाठ. तळापासून मीटरभर वर बाटली थांबवायची आणि बुचाची दोरी हिसकायची. वर बुडबुडे येताना दिसतात. ते थांबले की बाटली भरली. मग तसंच वरच्या पाण्याचंही माप घ्यायचं. दोन्हीत मोठा फरक दिसला तर यापुढे त्या विहिरीचा खालचाच आकडा नोंदीत धरा.

आमच्याकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं होतं, “ताई, माही इहीर बंधाऱ्याच्या वरतं हाय, राख इकडं येतच नाही म्हन्ता, मंग दर वेळी इथं कायले मोजता?” मी त्यांना म्हटलं, “दादाजी, तुमची विहीर हाच आपला पुरावा. खालच्या विहिरीत आकडा चढला आणि तुमच्यात चढला नाही, तरच म्हणता येईल की मधे काहीतरी झालं.” त्यांना ते लगेच पटलं आणि तेव्हापासून तेच आधी हाक मारतात. वरच्या अंगाची स्वच्छ विहीर पैसे वाचवायला सोडून देण्याचा मोह फार होतो. ती शेवटपर्यंत सोडू नका.

वर्षाची आखणी

समजा आठ विहिरी आहेत. सगळ्यांची सगळी तपासणी वर्षातून चारदा म्हणजे बत्तीस पूर्ण तपासण्या. धातूंसकट एका तपासणीचे पैसे हजारांत जातात. एवढं कुठलीही ग्रामपंचायत करू शकत नाही, म्हणून काहीच होत नाही.

त्याऐवजी आठही विहिरींची ईसी आणि पाण्याची पातळी दर आठवड्याला. सल्फेट आणि बोरॉन वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि दिवाळीनंतर, म्हणजे सोळा छोट्या तपासण्या. धातूंची पूर्ण यादी वर्षातून एकदा आणि फक्त तीन विहिरींची: वरची स्वच्छ, बंधाऱ्याला सगळ्यात जवळची खालची, आणि गाव जिथलं पितं ती. बत्तीस पूर्ण तपासण्यांच्या जागी तीन. मधल्या काळात शंका आली तर जादा नमुन्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवा.

पहिल्या वर्षी मात्र एवढी बचत होत नाही, हे ग्रामसभेत आधीच सांगा. तीन-चार विहिरींचा सल्फेटचा नमुना दर दीड महिन्याला प्रयोगशाळेत द्यावा लागतो आणि त्याच दिवशीची ईसी लिहावी लागते. वर्षाअखेर प्रत्येक विहिरीचे आठ ठिपके मिळतात. आडव्या रेषेवर ईसी, उभ्यावर सल्फेट. ठिपके एका तिरक्या रेघेजवळ बसले तर नातं जमलं, पुढे ईसीवरून सल्फेटचा अंदाज त्या रेघेवर वाचता येतो. विखुरले तर त्या विहिरीपुरती ही युक्ती नाही, तिला प्रयोगशाळेचीच वाट. जमलेलं नातंही दर वर्षी दोन-तीन नव्या नमुन्यांनी पडताळा. बंधारा वाढवला, वेगळ्या खाणीचा कोळसा आला, की नातं बदलू शकतं.

दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की काही विहिरी जोडीने चालताना दिसतील, एक चढली की दुसरी चढते, उतरतेही तशीच. त्या जोडीतल्या एकीची प्रयोगशाळा बंद करा, ईसी चालू ठेवा. सव्हाना रिव्हरला हीच निवड संगणकाने करतात. आल्टेमिस नावाच्या प्रकल्पात त्यासाठी पायलेनएम नावाची आज्ञावली तयार झाली, आणि ती फुकट मिळते. जवळच्या कॉलेजातला पायथन येणारा विद्यार्थी आपल्या वहीतले आकडे तीत घालू शकेल. पण आठ विहिरींसाठी आलेखाची वही पुरते.

आपोआप नोंद करणारं संवेदक परवडलं तर एकच घ्या आणि बंधारा व गावची पिण्याची विहीर यांच्या मधल्या विहिरीत सोडा. दर महिन्याला वर काढून पुसा. त्याच्यावर शेवाळ आणि लोहाचा लगदा बसतो आणि आकडा हळूहळू सरकत जातो, तो वाढ म्हणून वाचला जाण्याची भीती असते.

प्रयोगशाळेला पैसे देण्याआधी

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा आहेत, आधी तिथे काय-काय होतं ते विचारा. साधे घटक तिथे स्वस्तात होतात. बोरॉन आणि धातू खासगीत द्यावे लागले तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता त्याच घटकांसाठी आहे का, ते बघा. आणि एक प्रश्न लेखी विचारा: तुमचं यंत्र किमान किती ओळखतं? आर्सेनिकची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. यंत्र ०.०५ च्या खालचं ओळखतच नसेल तर अहवालात ‘बीडीएल’, म्हणजे ‘यंत्राला ओळखता येईल त्याहून कमी’, असं येईल आणि गाव समजेल की आर्सेनिक नाही. त्या कागदाला अर्थ नाही आणि पैसे मात्र पूर्ण गेले.

धातूंच्या नमुन्यासाठी प्रयोगशाळेकडून आम्ल घातलेली बाटली मागून घ्या, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. गढूळ पाणी न गाळता त्या बाटलीत टाकू नका, मातीतले धातूही मोजले जातील. वर्षातून एकदा एकाच विहिरीच्या दोन बाटल्या वेगळ्या नावांनी द्या. आकडे जवळपास आले तर भरवसा ठेवा.

दुसऱ्याने आधीच पैसे देऊन केलेली तपासणीही मिळवा. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. मंजुरीच्या अटींत भूजलाची तपासणी असेल तर आकडे त्या अहवालात असतात. संकेतस्थळावर सापडले नाहीत तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर मागा. अर्जात विहिरींची जागा, खोली आणि नमुन्याची तारीख हे तिन्ही स्पष्ट मागा, नुसता तक्ता घेऊ नका. बाणाच्या नकाशावर त्या विहिरी मांडल्या की कोणत्या कामाच्या ते एका नजरेत कळतं.

आकडा चढला तर

तुलना नेहमी त्याच महिन्याशी करा. ऑगस्टमध्ये पाऊस ईसी खाली नेतो, मेमध्ये ती चढते, त्यावरून काही ठरवू नका. खालच्या विहिरीचा आकडा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा वीस टक्क्यांनी वर गेला, वरची विहीर जागेवर आहे आणि सलग तीन आठवडे असंच आहे, तर मी ते गंभीर धरते. पेन द्रावणात तपासा, पेटीवर नायट्रेट-क्लोराइड बघा, दोन बाटल्या भरा, एक लगेच प्रयोगशाळेला, दुसरी सील करून सरपंचांच्या आणि दोन पंचांच्या सहीने ठेवा. अहवालात सल्फेट चढलेलं दिसलं तर पिण्याच्या विहिरीची धातूंची तपासणी त्याच आठवड्यात करा, वर्षाच्या वेळापत्रकाची वाट बघू नका. तोवर पिण्याचं पाणी दुसरीकडून घेण्याचा ठराव मांडा. अर्ज भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयाला द्या, सोबत विहिरींचा नकाशा, ईसीचा आलेख आणि पेन कधी तपासला त्याच्या तारखा जोडा. दोन्हीकडची पोच शिक्क्यासह घेऊन ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावा आणि एक झेरॉक्स वहीत ठेवा.